मे महिना आला की हँडक्लीनरचा डबा फाटतो, आणि हात काळे ते काळेच

डबा उघडावा तर वर दोन बोटं पिवळट पाणी, खाली रव्यासारखा गच्च बसलेला गोळा, आणि वास मात्र तोच संत्र्याच्या सालीचा. लागोपाठ तीन उन्हाळे आमच्या गॅरेजात हेच झालं. आमचं काम ट्रॅक्टरचं आणि डिझेल पंपाचं, शिरोळ तालुक्यात, जयसिंगपूरजवळ. गळीत हंगाम संपला की ऊस ओढून दमलेले ट्रॅक्टर एप्रिल-मे मध्ये एकदम दारात येऊन उभे राहतात. म्हणजे हातावरचं ग्रीस काढायचा हँडक्लीनर सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो दुधासारखा फाटलेला असतो.

पहिल्या वर्षी दुकानदाराशी भांडलो. दुसऱ्या वर्षी कंपनी बदलली. तिसऱ्या वर्षी चांगला महागातला आणला. तिन्ही फाटले. मग कुठे डोक्यात उजेड पडला की माल दरवेळी वेगळा होता. पत्रा, बोअरचं पाणी आणि आमचे हात तेवढे तेच होते.

ज्यांच्याकडे असंच होतंय त्यांच्यासाठी आमच्याकडे काय सापडलं आणि काय बदललं ते लिहितोय. पोरं सरसकट "क्लीनर बोगस आहे" म्हणतात, पण त्या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी असतात: डबा फाटतो, हात निघत नाहीत, हात फुटतात, नाहीतर पंप अडकतो. चारही एकदम सोडवायला गेलं की परत नवीन डबा आणण्यापलीकडे काही होत नाही.

डबा फाटतो तेव्हा नेमकं काय फाटतं

क्रीमसारखा दिसणारा हँडक्लीनर म्हणजे एक प्रकारचं दूधच. पाण्यात तेलकट द्रावकाचे बारीक थेंब तरंगत असतात आणि साबणासारखा एक घटक त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. त्यात भर म्हणून दगडाची बारीक पूड असते, बहुतेक वेळा प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड. पायाच्या टाचा घासायला वापरतात तोच. क्रीम घट्ट आहे तोवर ही पूड मधल्यामध्ये अडकून राहते.

आता हा डबा उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवा. आमच्याकडे तो कॉम्प्रेसरच्या डोक्यावर फळीवर असायचा, कारण तिथं हात पुसायच्या चिंध्या लटकवलेल्या. दुपारी २ वाजता त्या फळीवर हात ठेववत नाही. वरून पत्रा तापलेला, खालून कॉम्प्रेसरचं हेड. बहुतेक डब्यांवर ४० अंशांच्या आत ठेवा असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते आम्ही कधी वाचलं नव्हतं, कारण लेबलवर काळा अंगठा उठलेला. उष्णतेनं क्रीम पातळ होते, थेंब एकमेकांना जाऊन मिळतात, तेल वेगळं, पाणी वेगळं, आणि पूड जड म्हणून तळाला. तोच तो रव्यासारखा गोळा.

पण एवढ्यानं कोडं सुटलं नाही. डबा सावलीत, उत्तरेच्या भिंतीला ठेवला तरी एक डबा फाटलाच. मग एके दिवशी चहाच्या वेळी बघितलं तर हेल्पर पोरगा डब्यात मगानं पाणी ओततोय. म्हटलं, "काय रं, काय चाललंय?" म्हणाला, "मिस्त्री, घट्ट झालाय, बोटाला लागंना. जरा सैल करतोय."

पाणी बोअरचं. शिरोळकडच्या क्षारपड जमिनी सगळ्यांना माहीत आहेत, पाणीही त्याच वळणाचं: मचूळ, जड. बादलीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, चहाच्या पातेल्याच्या बुडाला खवले धरतात. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका करतं. डब्यात थेंबांना आवरून धरणारा घटक साबणाच्या जातीचा असेल, तर एक मगभर असलं पाणी म्हणजे दुधात लिंबू पिळल्यासारखंच.

यात तिसरा भिडू ओला हात. पोरं आधी नळाखाली हात धरतात, मग तसाच निथळता हात डब्यात घालतात. दिवसाला वीस-पंचवीस वेळा थोडं थोडं जड पाणी डब्यात जातं, सोबत ग्रीस आणि माती. डब्यात बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून घातलेलं औषध पातळ होत जातं. महिन्याभरात आंबूस वास, कडेला काळे-हिरवे ठिपके. हे दिसलं तर डबा टाकून द्या. ग्रीस काढायला जंतू धावून येत नाहीत, आणि मिस्त्रीच्या हाताला एखादी चीर कायमच असते.

फाटलेला डबा वाचतो का? कधी कधी. वास चांगला असेल, ठिपके नसतील, वर पाण्याचा पातळ थर तेवढा असेल तर डबा एक रात्र थंड जागेत ठेवा. सकाळी कोरड्या स्वच्छ लाकडी पट्टीनं तळापासून सावकाश ढवळा. लस्सी घुसळल्यासारखं नाही, खीर हलवल्यासारखं. झाकण लावून दुसऱ्या दिवशी बघा. एकजीव राहिला तर तोच आधी संपवा. परत पाणी वर आलं तर तो हातासाठी गेला. व्हाइसखालचं टेबल, ट्रॉली जॅक, पाने पुसायला वापरा. त्यात डिझेल, पेट्रोल किंवा कपड्यांची पावडर घालून जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. आम्ही तेही करून बसलोय. पावडरीनं डबा जमला, हात मात्र आठवडाभर चुरचुरले.

हात काळेच राहतात: इथं क्लीनरचा दोष फार कमी

आमच्या गॅरेजात सगळ्यात मोठा फरक कशानं पडला असेल तर एका सवयीनं, आणि ती फुकट आहे. हात कोरडे असताना क्लीनर लावा. नळ नंतर.

ओल्या हातावर क्लीनर लावला की कातडीच्या रेघांमध्ये आधीच पाणी शिरलेलं असतं. तेलकट द्रावकाला ग्रीसपर्यंत पोचायलाच मिळत नाही, तो पाण्यावरून घसरतो. मग पोरगं म्हणतं निघत नाही, आणखी मूठभर घेतं, तेही वाहून जातं.

आमची पद्धत आता अशी. आधी चिंधीनं वरवरचं ग्रीस पुसून काढायचं. ते डब्यातल्या मालानं काढण्यात काही शहाणपण नाही. मग सुपारीएवढा क्लीनर कोरड्या तळव्यावर. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, मनगटाचा घड्याळाखालचा भाग. पंधरा-वीस सेकंद चोळलं की हाताला कळतं: आधी क्रीम खरखरीत आणि घट्ट लागते, मग अचानक सैल पडते आणि बोटांमधून काळं पातळ ओघळायला लागतं. तो क्षण म्हणजे ग्रीस सुटलं. त्याआधी नळाकडे जाल तर सगळं फुकट. सुटल्यावर चार थेंब पाणी घ्या, फक्त चार थेंब, आणि परत चोळा. काळं ओघळ राखाडी दुधासारखं होतं. आता भरपूर पाण्यानं धुवा.

एवढं चोळायचं कारण ग्रीस कशाचं बनतं त्यात आहे. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत अडकवलेलं तेल. आपल्याकडच्या नेहमीच्या पिवळ्या-तपकिरी ग्रीसमध्ये ती जाळी बहुतेक लिथियमच्या साबणाची असते. तेल सुटलं तरी जाळी चिकटून राहते, ती मोडायला घासणं लागतं. आणि जुनं काळं इंजिन ऑइल तर त्याहून चिवट. त्यातली काजळी इतकी बारीक असते की कातडीच्या रेघा म्हणजे तिच्यासाठी ओढे-नाले. ती तेलात तरंगत राहावी, खाली बसू नये म्हणून कंपनीनं तेलात खास रसायनं घातलेली असतात. इंजिनासाठी ते चांगलंच, आपल्या बोटांसाठी नाही.

एवढं करूनही हातावर चिकट, मळकट थर राहिला तर पाणी तपासा. एका पारदर्शक बाटलीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा नगरपालिकेचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचे चार कीस टाकून हलवा. एकीत फेस आणि दुसरीत दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं काही तरंगलं, तर उत्तर मिळालं. आमच्या बोअरच्या बाटलीत फेस औषधालासुद्धा नव्हता.

यावर उपाय म्हणून शेजारच्या वेल्डरनं मोठ्या प्रेमानं घरून कॅन भरून पाणी आणलं. "फिल्टरचं आहे," म्हणाला. विचारलं तर ते आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी. म्हणजे गाळून उरलेला सगळा क्षार त्यातच. बोअरच्या वरताण. हसलो आणि लाद्या धुवायला वापरलं. खरा उपाय साधा आहे: क्लीनर बोअरच्या पाण्यानं धुवा हवा तर, पण शेवटी नगरपालिकेच्या किंवा पावसाच्या तांब्याभर गोड्या पाण्यानं हात धुवा. दुसरं, जिथं पाणी जड तिथं साबणाच्या बेसचा क्लीनर न घेता डिटर्जंटच्या बेसचा घ्या. भांड्यांचं लिक्विड बोअरच्या पाण्यातही फेस देतं, ते याचमुळे. तो साबण नाहीच.

नखांसाठी कुठलाच क्लीनर पुरा पडत नाही. काम सुरू करायच्या आधी ओल्या साबणाच्या वडीवर पाचही नखं खरवडा. नखाखाली साबण भरला की ग्रीसला जागाच राहत नाही, आणि संध्याकाळी पाणी लावलं की तो साबण मळ घेऊन बाहेर येतो. हे मला एका म्हाताऱ्या टर्नरनं, म्हणजे लेथ चालवणाऱ्यानं, शिकवलं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यासमोर मूठ झाकून बसायची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला याची किंमत कळेल. जुना टूथब्रश नळापाशी दोरीला बांधून ठेवा. न बांधलेला ब्रश दोन दिवसांत कार्ब्युरेटर घासायला जातो.

हात फुटतात, चुरचुरतात

इथं जरा थांबून वाचा, कारण हे दुर्लक्ष केलं तर धंद्यावर येतं. आमच्या एका कारागिराचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उठेना. कातडीच घासून गुळगुळीत झालेली, मध्ये भेगा. विचारलं तर तो रोज संध्याकाळी डिझेलनं हात धुवायचा आणि वर कपड्यांची पावडर.

कातडीचा पीएच, म्हणजे आंबट-क्षारपणाचं माप, साधारण ५ च्या आसपास, किंचित आंबट. अंगाच्या साबणाची वडी ९ ते १० पर्यंत जाते, कपड्यांची पावडर त्याहून वर. कातडीत स्वतःचं तेल असतं, पेशींच्या विटांमधल्या चुन्यासारखं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर हे ग्रीससोबत तो चुनाही विरघळवतात. हात पांढरे पडतात ते स्वच्छ झाले म्हणून नव्हे, ते कोरडे ठणठणीत झालेले असतात. मग भेगा, आणि भेगांत परत काळं ऑइल.

पेट्रोलनं हात धुणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. आपल्याकडच्या बीएस-६ या इंधनाच्या मानकातही १ टक्क्यापर्यंत चालतं. बेन्झीननं माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, यात आता वाद उरलेला नाही. वापरलेलं इंजिन ऑइलही जुन्या लोकांना वाटतं तसं औषधी वगैरे नाही. "काळं ऑइल लावलं की खरूज जाते" हे मी लहानपणी ऐकलंय. त्यात अर्धवट जळालेल्या इंधनाची घातक संयुगं साचलेली असतात. ऑइलची चिंधी पँटच्या खिशात ठेवून दिवसभर फिरणं हे हात काळे राहण्यापेक्षा वाईट. खिशातून चिंधी मांडीला भिजत राहते आणि लक्षातही येत नाही.

ज्यांचे हात संत्र्याच्या वासाच्या क्लीनरनं लाल होतात, त्यांनी डबा किती जुना आणि किती उघडा होता ते बघावं. त्या वासाचा द्रव म्हणजे लिमोनीन, संत्र्या-लिंबाच्या सालीतून निघणारं तेल. ग्रीसवर फार छान चालतं. पण हवा लागून ते जुनं झालं की त्यातून जी संयुगं बनतात त्यांची ॲलर्जी येऊ शकते, आणि एकदा आली की आयुष्यभर बरोबर राहते. झाकण न लावलेला डबा म्हणजे माल वाया गेला एवढंच नसतं, त्यातला माल हळूहळू बदलत असतो. शिवाय लिमोनीन साधारण ४८ अंशांना पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं. वेल्डिंगच्या आणि गॅस कटरच्या पट्ट्यात हा डबा नको.

हात धुतल्यावर स्वच्छ, कोरड्या कापडानं टिपा. टर्नरच्या शॉपमधून आलेली चिंधी कधीच नको; त्यात लोखंडाचा कीस अडकलेला असतो आणि तो ब्लेडसारखा चिरतो. मग हात किंचित दमट असतानाच तेलाचं बोट. खोबरेल चालतं, व्हॅसलिन चालतं. भेगा पडल्या असतील तर कोकणातून येणारं कोकमाचं तेल, ते घट्ट पांढरट गोळ्याचं, गोव्याकडे भिरंडेल म्हणतात ते, जरा गरम करून भेगेत भरा. टाचांसाठी आज्या वापरायच्या, मिस्त्रीच्या अंगठ्यालाही तेवढंच लागू पडतं.

चीर पडलेल्या हाताला द्रावकाचा क्लीनर लावू नका, साधं लिक्विड सोप आणि पट्टी. आणि डिझेलवाल्यांना एक सांगून ठेवतो, विषय हात धुण्याचा नसला तरी. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरला दाबानं डिझेल पोचवणाऱ्या पाइपची गळती बोटानं चाचपू नका. तिथं हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, रक्तही फारसं येत नाही, आणि डिझेल आत शिरलेलं असतं. धुवून पट्टी बांधून घरी जाण्याची जखम नव्हे ती. त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल, आणि डॉक्टरला "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. नाहीतर बोट जातं.

मग घ्यायचा कोणता

या धंद्याची गंमत अशी की हँडक्लीनर जन्मालाच आला तो लोकांचं रॉकेल सोडवायला. अमेरिकेत ॲक्रन गावात, रबराच्या कारखान्यांच्या गावात, जेरी आणि गोल्डी लिपमन या नवरा-बायकोनं १९४६ मध्ये गोजो नावाचा हँडक्लीनर आणला. दुसऱ्या महायुद्धात गोल्डी रबर कारखान्यात काम करायची. हातावरचं ग्रॅफाइट आणि कार्बन काढायला तिथं रॉकेल आणि बेन्झीन वापरायचे. पुढच्याच वर्षी इंग्लंडात डर्बीशरमध्ये ऑडली विल्यमसननं हिरवा जेल काढला, स्वारफेगा. नावातला स्वार्फ म्हणजे लेथवर निघणारा लोखंडाचा कीस. आपण अजून रॉकेलवर अडकलोय, आणि आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलवर आलोय.

निवडताना मी आता एकच बघतो: कामाला पुरेल एवढा सौम्य. नुसतं हायड्रॉलिक ऑइल किंवा ताजं इंजिन ऑइल असेल तर लिक्विड सोपनं भागतं. बेअरिंगचं ग्रीस, काळं ऑइल, क्लच प्लेटची पूड यांना खरखरीत क्रीम हवी. डांबर, अंडरकोटिंग, ओला ऑइल पेंट यांना द्रावकाचा क्लीनर, तोही तेवढ्यापुरता. सगळ्यांत जहाल असलेला डबा नळापाशी ठेवला की सगळे दिवसभर तोच वापरतात आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांचे हात फुटलेले असतात.

घासायची पूड कशाची आहे तेही बघा. प्युमिस जोरात घासतो, पण नाजूक कातडीला बोचतो आणि मोरीच्या वाकड्या पाइपात सिमेंटसारखा बसतो. नळाखाली एक घमेलं ठेवा, त्यात गाळ बसू द्या आणि वरचं पाणी सोडा. अक्रोडाच्या कवचाची किंवा मक्याच्या कणसाच्या बुरखुंड्याची पूड जरा मऊ. प्लास्टिकचे बारीक मणी असलेला माल मी घेत नाही. आमच्या मोरीचं पाणी ओढ्याला जातं आणि ओढा कृष्णेला. अशा मण्यांवर ब्रिटननं २०१८ पासून बंदी आणलीय, अमेरिकेनं तर त्याचा कायदा २०१५ मध्येच केला.

डबा संपलाय आणि ट्रॅक्टर दारात उभा आहे अशा वेळी घरचा उपाय: एक चमचा खोबरेल किंवा गोडेतेल, वर दोन चमचे साखर, कोरड्या हातावर चोळा, मग भांड्यांचं लिक्विड. तेल तेलाला सोडवतं, साखर घासते आणि पाण्यात विरघळून जाते, त्यामुळे मोरी तुंबत नाही. सुतारशॉपमधला बारीक भुसाही चालतो, पण सनमायका-प्लायवूडचा नको, साध्या लाकडाचा घ्या. घरातल्या साखरेच्या डब्यावर काळी बोटं उठली तर पुढचं तुम्ही आणि घरचे बघा.

हातमोजे? ऑइलच्या कामाला नायट्राइल रबराचे. पांढरे रबरी मोजे तेलानं फुगतात आणि तासाभरात फाटतात. मात्र लेथ, ड्रिल किंवा फिरता पंखा जवळ असेल तिथं मोजे काढा. काळे हात धुता येतात, मोज्यात अडकून गेलेलं बोट परत येत नाही.

पंप अडकतो

खरखरीत क्रीमला साध्या शाम्पूच्या बाटलीचा पंप लावला तर तो अडकणारच. त्याच कंपनीचा मोठ्या तोंडाचा पंप घ्या. शनिवारी संध्याकाळी टोक कोमट पाण्यात बुडवून चार वेळा दाबा आणि तोंड पुसून घ्या. झालं.

पंपाचा खरा फायदा हिशोबाचा आहे. आम्ही सहा माणसं, प्रत्येकजण दिवसाला चार वेळा हात धुतो, म्हणजे २४ वेळा. एका दाबात ५ ग्रॅम धरलं तर दिवसाला १२० ग्रॅम. ५ किलोचा डबा चाळीस दिवस जातो. तोच डबा मुठीनं खरवडला की एका वेळी १५ ग्रॅम सहज जातात आणि दोन आठवड्यांत तळ दिसतो. पंप लावल्यापासून दुकानदाराचा सूर थोडा बदललाय.

ठेवायची जागा

कॉम्प्रेसरवरची फळी मोडली. डबा आता उत्तरेच्या भिंतीला, कमरेएवढ्या उंचीवर, नळापासून हातभर लांब. मुद्दाम लांब, म्हणजे नळाकडे जायच्या आधी कोरड्या हातानं क्लीनर घेतला जातो. झाकणावर मार्करनं उघडल्याची तारीख. जादा माल गॅरेजात ठेवतच नाही. घराच्या मागच्या खोलीत एकच बंद डबा, आणि मेमध्ये २० किलोचा ड्रम स्वस्त मिळतोय म्हणून घेत नाही. जुना आधी संपवायचा, नवा त्याच्या मागे.

आणि तो माल दुसऱ्या भांड्यात ओतू नका. आमच्याकडच्या एका पोरानं संत्र्याच्या क्लीनरचा उरलेला माल आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवला होता. रंग तोच, दाटपणा तोच, डबा तर खराच. दुपारी माझा भाचा शाळेतून आला, झाकण उघडून बोट बुडवलं आणि तोंडाशी नेलं. वासानं थांबला म्हणून वाचला. त्या दिवसापासून मूळ डबा आणि मूळ लेबल. लेबलवर अंगठा उठू नये म्हणून त्यावर रुंद सेलोटेप लावलीय.

एवढं करून या मेमध्ये डबा फाटला नाही. गिअर ऑइलचा वास मात्र अजून जात नाही. त्यातलं गंधकाचं रसायन नखाच्या कडेला धरून बसतं आणि रात्री भाकरीचा घास तोंडाशी नेला की नाकात येतं. म्हणून डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांचा गिअरबॉक्स, खोलायचं असेल तर तेवढ्या कामापुरते मोजे सक्तीचे केलेत, आणि घरी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला असतो.